पैसा कमी असलेला रेसिंग संघ नेमका कुठे मार खातो?

पॅडॉकपंत

ग्रिडच्या (शर्यत सुटतानाच्या रांगेच्या) शेपटाला असलेल्या संघांचा विषय निघाला की दोन वाक्यांत निकाल लागतो: इंजिनात दम नव्हता, आणि ड्रायव्हर पैसे भरून आला होता. दोन्ही खरं असतं, पण मूळ दुखणं ते नव्हे. गरीब संघ हरतो तो लॅप्सच्या (ट्रॅकवरच्या फेऱ्यांच्या) दुष्काळाने. शुक्रवारी क्रँक सेन्सर (इंजिनाचे फेरे ओळखणारा) गेला, पेटीत दुसरा नाही, सरावाचं सत्र बुडालं. सत्र बुडालं की सेटअप (गाडीची जुळवणी) अंदाजपंचे. तशा सेटअपने टायर एका कडेने खाल्ले जातात, ड्रायव्हरचा गाडीवर भरवसा बसत नाही आणि तो एकतर हात राखून चालवतो किंवा भिंतीत घालतो. भिंतीत घातली की उरलासुरला पैसा दुरुस्तीत जातो, आणि पुढच्या शर्यतीला पेटीत पुन्हा सेन्सर एकच.

फॉर्म्युला वनमधली उदाहरणं घेतो, सगळ्यांना ठाऊक असतात म्हणून. १९९७ची लोला: पवनबोगद्यात न तपासलेली गाडी थेट मेलबर्नला उतरली आणि दोन्ही गाड्या पोलपेक्षा (पात्रता फेरीतल्या सर्वात जलद वेळेपेक्षा) ११ सेकंदांहून जास्त मागे. १०७ टक्क्यांच्या नियमाने (पोलच्या वेळेच्या १०७ टक्क्यांत न बसणारी गाडी बाद) दोन्ही बाहेर, आणि पुढच्या शर्यतीआधीच संघ बंद. २०१०ची एचआरटी: बहारीनला करुण चंडोकच्या गाडीने आयुष्यातला पहिला लॅप मारला तो पात्रता फेरीत! तिथे इंजिन कॉसवर्थचं होतं, विल्यम्सकडेही तेच. फरक लॅप्सचा होता.

कारखान्यात, गॅरेजमध्ये ज्यांचे हात काळे होतात त्यांनी नेमकं लिहा. पैसा तुटपुंजा असेल तर कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात नाही?

स्टॉपवॉच

+१. जुन्या प्री-क्वालिफाइंगचा उल्लेख हवा होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गाड्या इतक्या झाल्या की तळाच्या संघांना शुक्रवारी सकाळी आठ वाजता तासाभराची चाळणी लावली. त्यातून चार गाड्या पुढे, बाकीच्यांचा वीकएंड नाश्त्याआधी संपला. म्हणजे ज्याला लॅप्सची सगळ्यात जास्त गरज त्यालाच सगळ्यात कमी. लाइफ नावाच्या संघाने १९९०मध्ये १४ वेळा प्रयत्न केला, शेवटचे दोन सोडून सगळे स्वतःचं डब्ल्यू-१२ इंजिन घेऊन, एकदाही चाळणी पार झाली नाही.

उलट बाजूही आहे. २००२च्या ऑस्ट्रेलियन शर्यतीत पहिल्याच वळणावर आठ गाड्या बाद झाल्या. मार्क वेबरची मिनार्डी टिकली, पाचवी आली, दोन गुण. त्या वर्षी टोयोटानेही दोनच गुण मिळवले, आणि सरस क्रमांकाच्या जोरावर वर्षअखेरीस मिनार्डी टोयोटाच्या वर. टोयोटाचा खर्च कुठे नि मिनार्डीचा कुठे! गाडी शेवटपर्यंत चालत राहणं ही गरिबाची खरी कमाई.

नटबोल्ट

फॉर्म्युला वन सोडा, तिथली गरिबीसुद्धा आपल्याला श्रीमंती. छोट्या सिंगल सीटरच्या हिशेबाने लिहितो.

सुट्या भागांची यादी करताना लोक महागाचा भाग आधी लिहितात. चूक. आधी ते लिहा ज्याच्यावाचून गाडी जागची हलत नाही आणि जे खिशात मावतं: क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, कॉइल, फ्युएल पंप, पंपाचा रिले, थ्रॉटल केबल, अल्टरनेटरचा पट्टा, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पाण्याचा एकेक होज आणि मूठभर क्लिपा. हे सगळं एका पेटीत बसतं. सेन्सरला पेटीत टाकण्याआधी गाडीत लावून इंजिन चालू करून बघा, नाहीतर ऐन वेळी कळतं की कनेक्टर दुसऱ्या पिढीचा आहे.

त्यानंतर अपघाताचे भाग. एक पूर्ण नाक पंखासकट, आणि पुढचा डावा-उजवा एकेक 'कोपरा'. कोपरा म्हणजे एक चाक धरून ठेवणारे सगळे भाग: वरचा-खालचा विशबोन, पुशरॉड, ट्रॅक रॉड, अपराइट, हब, बेअरिंग, डिस्क, सगळं जोडून तयार. सुटे ठेवले तर बदलायला दोन तास. जोडून ठेवलं तर चार-पाच बोल्ट आणि ब्रेकची एक नळी. खरी मेख लांबीत आहे: गाडीवरच्या प्रत्येक रॉड-एंडचे (दांड्याच्या टोकाचा आटेवाला सांधा) किती आटे बाहेर आहेत ते कॅलिपरने मोजून लिहून ठेवा आणि सुट्या कोपऱ्यावर तीच मापं लावा. मग बदलल्यावर कॅम्बर (चाकाचा उभा कल) नि टो (चाक आत-बाहेर वळलेलं असणं) निदान चालवण्याइतके जवळ येतात. नाहीतर भाग लागला पण गाडी वाकडी चालते, आणि सत्र गेलंच.

मागचे कोपरे परवडले तर. मागे ड्राइव्हशाफ्ट नि सीव्ही जॉइंट मात्र हवेतच.

इंजिनदादा

धागाकर्त्याशी अर्धाच सहमत. लॅप्स हवेत हे ठीक, पण लॅप्स बुडवतं कोण? बहुतेक वेळा इंजिन नाहीतर गिअरबॉक्स. आणि ते न सांगता जात नाहीत, बघणारं कोणी नसतं इतकंच.

पहिलं काम: रेव्ह लिमिट (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) खाली आणा. पिस्टन-रॉडवरचा जडत्वाचा भार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर्गाने वाढतो. ७५००चं लिमिट ७००० केलंत तर भार सुमारे १३ टक्के कमी. सरळ रस्त्यावर थोडा वेळ जातो, पण पुनर्बांधणी लांबते. सरावात खालचं लिमिट, पात्रता फेरीत वरचं, असं इंजिनाच्या संगणकातल्या दोन नकाशांत ठेवता येतं. मात्र लिमिटर गिअर खाली टाकताना वाचवत नाही. तिथे चाकंच इंजिनाला फिरवतात. म्हणून प्रत्येक सत्रानंतर लॉगरमधला (गाडीचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्रातला) कमाल आरपीएम बघायचा आणि वहीत टिपायचा. तो लिमिटच्या वर दिसला की लीक-डाउन (सिलिंडरमधून हवा किती गळते याची) तपासणी झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

लीक-डाउन: इंजिन गरम, सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर), क्रँक घट्ट धरलेला, मग हवा सोडा. चांगल्या रेसिंग इंजिनात गळती पाच टक्क्यांच्या आत असते, दहाच्या वर गेली की कारण शोधा. आणि कान लावा. एक्झॉस्टमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून म्हणजे इनटेक, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, रेडिएटरात बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. आकड्यापेक्षा आवाज कुठून येतो ते जास्त बोलतं.

ऑइल फिल्टर फेकू नका. कापा, घडी पिळून पांढऱ्या कापडावर उलगडा, उन्हात धरा. चमकणारी बारीक पूड थोडी असतेच. चुंबकाला न चिकटणाऱ्या तांबूस-राखाडी चकत्या दिसल्या तर बेअरिंग खराब होत चाललंय. तेव्हा थांबलात तर बेअरिंग शेलांवर निभावतं, एक सत्र आणखी मारलंत तर क्रँक आणि ब्लॉक.

नटबोल्ट

गिअरबॉक्सचं पण लिहा की, इंजिनदादा. 'गिअर निसटतो' ही तक्रार कायमची.

इंजिनदादा

डॉग गिअरबॉक्समध्ये (डॉग म्हणजे गिअर अडकवणारे जाड दात) गंमत अशी की 'जपून' टाकणारा ड्रायव्हरच तो खातो. हळू टाकलं की डॉगांची टोकं एकमेकांवर घासत बसतात, कोपरे गोल होतात, आणि मग भार आला की गिअर सुटतो. झटक्यात, पूर्ण टाकायचा. कोपरे गोल दिसले तर डॉग रिंग बदला, आणि सोबत फोर्कही (रिंग सरकवणारा काटा) बघा. वाकलेल्या फोर्कने नवी रिंगही तशीच जाईल.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट म्हणजे ठीक. सुईसारखे किंवा नखाएवढे तुकडे म्हणजे खोला.

लॉकवायर

सगळे यांत्रिक बोलतायत, पण जे तुटल्यावर माणूस जखमी होतो त्याबद्दल कोणी बोलेना. वाचवायचं कुठे नाही, याचं उत्तर माझ्या लेखी सस्पेन्शन, स्टिअरिंग नि ब्रेक.

रॉड-एंड तुटतो तो आट्याच्या मुळाशी, वाकण्याच्या ताणाने. आत शिरलेला आटा बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी हवा: ८ मिमीला १२ मिमी. कॅम्बर वाढवायचा म्हणून रॉड-एंड बाहेर फिरवत नेला आणि आत सहा मिमीच उरले, हा प्रकार फार दिसतो. लांबी हवी तर शिम (पातळ चकती) घाला किंवा लांब विशबोन करा.

भेग बघायला एक्स-रे लागत नाही. डाय पेनिट्रंटचे तीन डबे पुरतात. वेल्डवरचा रंग काढा, क्लीनरने पुसा, लाल डाय लावा, १० ते १५ मिनिटं थांबा. मग कापड क्लीनरने ओलं करून पुसायचं. क्लीनर भागावर थेट फवारायचा नाही, भेगेतला डाय धुऊन जातो आणि भाग 'पास' होतो. शेवटी पांढरा डेव्हलपर. केसासारखी लाल रेघ उमटली तर भाग भंगारात. पुन्हा वेल्ड मारून वापरू नका, भेग बाजूला सरकते.

आणि भागांची तासवही. प्रत्येक विशबोन, अपराइट, हब, स्टिअरिंग जॉइंटवर क्रमांक कोरा. वहीत क्रमांक, किती तास चालला, कधी तपासला, कोणत्या अपघातात होता. ही वही नसेल तर अपघातातला 'ठीक दिसणारा' भाग पेटीत जातो आणि वर्षभराने चांगला म्हणून बाहेर येतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच. टॉर्क पान्याने आवळल्यावर नट ते बोल्ट अशी पिवळी रेघ. गाडी पिटमध्ये आली की रेघ तुटली का ते बॅटरी मारून बघायला मिनिट लागत नाही. आवळणारा एक, रेघ मारणारा दुसरा. रात्री दोन वाजता एकच माणूस दोन्ही करतो तेव्हा रेघ असते, टॉर्क नसतो.

नवखा

माहितीपूर्ण धागा. टायरबद्दल कोणी लिहील का? जुन्या सेटवर सेटअप करून पैसे वाचवता येतात ना?

रबरबुवा

येतात, पण अर्धेच.

स्लिकचं (खाचा नसलेल्या शर्यतीच्या टायरचं) रबर झिजण्याआधी मरतं. तापलं, थंड झालं, प्रत्येक वेळी थोडं कडक होतं. खोली शिल्लक दिसते, पकड गेलेली असते. ड्युरोमीटर (रबराचा कडकपणा मोजणारा) घ्या, शोअर ए मापाचा, टायर थंड असताना, दर वेळी त्याच तापमानाला, तीन ठिकाणी मोजा आणि सेटच्या नावाने टिपा. एकदा आकडे जमले की कोणता सेट सरावाला नि कोणता ट्रॉलीखाली हे वाद मिटतात.

जुन्या सेटवर काय शिकता येतं: ब्रेकचा समतोल, गिअर रेशो, तापमान, ड्रायव्हरला ट्रॅक, काही गळतं का. काय शिकता येत नाही: स्प्रिंग, अँटी-रोल बार (गाडी कलण्यापासून आवरणारा दांडा), पंखाच्या कोनाची शेवटची दोन भोकं. मेलेल्या टायरवर गाडी मुळातच वेगळी घसरते. पुढचे नवे नि मागचे जुने असा खिचडी सेट तर लावूच नका. पुढे पकड, मागे नाही, आणि मग अभियंता बिचारा मागची स्प्रिंग मऊ करत बसतो.

नवा सेट: बहुतेक स्लिकची उत्तम पकड पहिल्या काही लॅप्समध्येच. म्हणून पात्रता फेरीत समोर मोकळी जागा मिळवणं हे फुकटचं सेटअप आहे. नव्या सेटला आधी हळूहळू तापवून, काढून, एक दिवस विसावू दिलं तर तो जास्त टिकतो. टोकाची पकड थोडी कमी होते. शर्यतीचा सेट असा करा, पात्रतेचा नको.

दाब. २० अंशाला गेजवर १.४ बार भरलात आणि आतली हवा ८० अंशाला गेली तर गेज साधारण १.९ दाखवेल. त्यामुळे लक्ष्य गरम दाबाचं ठेवायचं, थंडचं नव्हे. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा; दमट हवेने दाब वरखाली होतो आणि दोष टायरवर येतो. टाकी कोरडी ठेवली तर नायट्रोजनचा खर्च वाचतो.

तापमान मोजायला सुई टोचायचा पायरोमीटर. इन्फ्रारेड बंदूक वरचा पापुद्रा वाचते आणि पिटमध्ये येईतो तो निवलेला असतो. आत, मध्ये, बाहेर. मध्य दोन्हींपेक्षा गरम तर दाब जास्त. आतली कड बाहेरीपेक्षा थोडी गरम असणं ठीक, पण फारच तफावत असेल तर कॅम्बर जास्त आहे.

शेवटचं: ट्रॅकवरून टायरला चिकटलेलं रबर हीट गन नि खरवडणीने काढल्याशिवाय झीज मोजायची भोकं दिसत नाहीत. हा कंटाळवाणा उद्योग आहे, म्हणून कोणी करत नाही, आणि चांगला सेट झिजला समजून टाकला जातो. आतली कड गेली असेल तर टायर रिमवर उलटवून आणखी काही सत्रं मिळतात, बाजूवर दिशेचा बाण नसेल तरच.

नवखा

धन्यवाद! आणि कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन)? ते काटे फार महाग असतात.

सुतार_पक्ष

काटे दिवसाभरासाठी मागून आणता येतात. सपाट जमीन मागून आणता येत नाही. पाण्याच्या पारदर्शक नळीने चारही चाकांखालची पातळी काढा, खाली टाइल किंवा पत्रे घालून सारखी करा आणि जमिनीवर रंगाने चार चौकोन आखा. तेच चौकोन कायम.

ड्रायव्हर नाहीतर तेवढंच वजन सीटवर, इंधन अर्ध्या शर्यतीइतकं, टायर गरम दाबाला, अँटी-रोल बारची एक कडी सुटी. गाडी उतरवल्यावर दोन-तीनदा दाबून सोडा आणि चाकांखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा, नाहीतर टायर अडून राहतात नि काटा खोटं बोलतो.

समजा पुढे डावं १५८, उजवं १४०, मागे डावं १६४, उजवं १७४ किलो. एकूण ६३६. पुढचं उजवं अधिक मागचं डावं ३०४, म्हणजे ४७.८ टक्के. असायला हवेत ५० टक्के. पुढच्या उजव्या नि मागच्या डाव्या स्प्रिंगची बैठक अर्धा फेरा वर, उरलेल्या दोन अर्धा फेरा खाली. चारही फिरवल्या की उंची बिघडत नाही. पुन्हा मोजा, पुन्हा फिरवा. डावी बाजू उजवीपेक्षा आठ किलो जड आहे ती मात्र स्प्रिंगने हलणार नाही. त्याला बॅटरीच हलवावी लागते.

टोसाठी दोरी. दोन सारख्या लांबीच्या नळ्या, सारख्या अंतरावर खाचा, त्यांत दोन दोऱ्या ताणा. पुढच्या दोन्ही हबांपासून अंतर सारखं, मागच्या दोन्ही हबांपासून सारखं. रिमची पुढची कड दोरीपासून मागच्या कडेपेक्षा लांब असेल तर टो-इन. पोलादी पट्टीने अर्धा मिमी सहज वाचता येतो. लेझरची हौस असेल त्यांनी करावी.

हिशेबनीस

तांत्रिक सगळं उत्तम, पण संघ बुडतो बँकेत. वर्षाचं अंदाजपत्रक जुळलेलं असूनही बुडतो, कारण खर्च मार्चमध्ये आणि पैसा जूनमध्ये. १९९२ची आंद्रेया मोदा आठवा: कॅनडाला त्यांची इंजिनं पोचलीच नाहीत, ब्रॅबम संघाकडून एक उसनं घेऊन गाडी बाहेर काढली. २००२मध्ये फ्रान्सला अॅरोजच्या दोघांनी मुद्दाम हळू लॅप मारून पात्रता टाळली. म्हणजे हजेरी लागली आणि खर्च वाचला. आणि २०१६ची मॅनर: ब्राझीलला फिलिपे नासर नववा आला, सॉबर मॅनरच्या पुढे दहावी गेली, बक्षिसाचा हिस्सा हातचा गेला, जानेवारी २०१७मध्ये टाळं.

पैसे भरणाऱ्या ड्रायव्हरशी करार करताना तीन कलमं सोडू नका. हप्ता प्रत्येक शर्यतीच्या आधी, नंतर नाही. अपघाताची अनामत वेगळी, आणि किती नुकसान कोण भरणार याची मर्यादा आकड्यात. हप्ता चुकला तर ती सीट त्या शर्यतीपुरती विकायचा हक्क संघाकडे. प्रायोजक भाग देत असेल तर रोख समजून घ्या, पण तुमच्या यादीतलाच भाग. नको असलेल्या शंभर स्टिकरांच्या बदल्यात पंख देऊन टाकू नका.

मोटारवेडा

ब्रॉन २००९ विसरलात! एक पौंडाला घेतलेला संघ, जगज्जेता!

स्टॉपवॉच

ते उदाहरण इथे लागू नाही हो. ती गाडी होंडाच्या पैशाने २००८भर घडवलेली होती. गरिबी आली ती नंतर, विकसनाच्या वेळी. वर्षाच्या उत्तरार्धात त्यांची आघाडी कशी ओसरली ते बघा. गरिबाचं उदाहरण हवं तर सुपर अगुरी घ्या: २००६ची सुरुवात २००२च्या अॅरोजच्या चॅसीवर.

पॅडॉकपंत

इंजिनदादा, तुमचा मुद्दा मान्य: तपासणी हीच लॅप्सची विमापॉलिसी. आता एक प्रश्न राहिला. एक गाडी की दोन? दुसऱ्या सीटचे पैसे येतात म्हणून बरेच संघ दुसरी उतरवतात.

नटबोल्ट

दुसरीचा खर्च दुप्पट नसतो, ट्रक नि हत्यारं तीच. पण सुट्या भागांचा साठा तोच ठेवून दुसरी उतरवली तर तो निम्मा झाला असं समजा. वरून दोन्ही गाड्या वेगळ्या वर्षाच्या असतील तर एकीचा भाग दुसरीला लागत नाही. दोन्ही भागक्रमांकापर्यंत एकसारख्या असतील आणि दुसरीसाठी निदान दोन मेकॅनिक वेगळे मिळत असतील तरच.

हिशेबनीस

आणि दुसऱ्या सीटचा पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यावरच नोंदणीचा अर्ज भरायचा.

लॉकवायर

दोन गाड्यांत भाग फिरवणार असाल तर तासवहीत 'कोणत्या गाडीवरून काढला' हा रकाना वाढवा. एकीने भिंत गाठली आणि त्याच रात्री तिचा मागचा विशबोन दुसरीवर गेला, तर डाय लावल्याशिवाय जाऊ देऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

नवखा

एक शेवटची शंका, ब्रेक फ्लुइडची उघडलेली बाटली पुढच्या शर्यतीला चालते का?

लॉकवायर

नाही. हवेतला ओलावा ओढते. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरडा असताना निदान २३० अंश, ओलावा घेतल्यावर मर्यादा १५५पर्यंत उतरते, आणि पेडल खाली जातं ते नेमकं सरळ रस्त्याच्या शेवटी. लहान बाटल्या घ्या. उरलेलं क्लचला वापरा, ब्रेकला नको.